उजेडात आलेले डोपामिन

मेंदूतील रसायनांविषयी बोलताना आज वृत्तपत्रांत, समाजमाध्यमांत आणि घरगुती गप्पांतही जी भाषा वापरली जाते ती बहुधा पातळीची भाषा असते. डोपामिन ‘वाढते’, सेरोटोनिन ‘कमी पडते’, व्यायामाने अमुक रसायन ‘भरून निघते’ आणि मोबाइलने तमुक ‘संपून जाते’, अशी विधाने ऐकताना डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते ते गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचे असते. टाकी भरली की माणूस आनंदी आणि रिकामी झाली की उदास. हे चित्र सर्वस्वी खोटे आहे असे म्हणता येणार नाही, परंतु ज्या काळात ते तयार झाले त्या काळात मेंदूतील रसायन मोजण्यासाठी मेंदू बाहेर काढून, वाटून त्याचा अर्क करावा लागत असे, आणि अर्कातून पातळीखेरीज दुसरे काही कळणे शक्यच नव्हते. गेल्या दहा-बारा वर्षांत मात्र जिवंत, हिंडत्या-फिरत्या उंदराच्या मेंदूत एखादे रसायन कोणत्या ठिकाणी आणि कोणत्या क्षणी स्रवले, हे प्रकाशाच्या साहाय्याने पाहता येईल अशी साधने हाती आली आहेत, आणि त्यांनी दाखवलेले दृश्य टाकीपेक्षा पावसाच्या सरींना अधिक जवळचे आहे. या साधनांना प्रकाशीय जैवसंवेदक म्हणतात.

मानवी मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. एका चेतापेशीतून जाणारा संदेश विद्युत स्वरूपाचा असला, तरी तो दुसऱ्या पेशीकडे पोहोचताना बहुतेक ठिकाणी रसायनाचे रूप घेतो, कारण दोन पेशींच्या सांध्यावर, म्हणजे चेतासंधीवर, सुमारे २० नॅनोमीटर रुंदीची फट असते आणि ती ओलांडण्यासाठी पहिली पेशी विशिष्ट रेणू बाहेर सोडते. या रेणूंना चेतापारेषक म्हणतात, आणि पलीकडच्या पेशीच्या पृष्ठभागावर त्यांना ओळखून धरणारी जी प्रथिने असतात त्यांना ग्राही म्हणतात. ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावर केलेल्या प्रयोगाने हे रासायनिक दळणवळण प्रथम सिद्ध झाले, आणि त्यासाठी त्यांना हेन्री डेल यांच्यासमवेत १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सगळे चेतापारेषक एकाच चालीचे नसतात, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. ग्लुटामेट हा मेंदूतील प्रमुख उत्तेजक चेतापारेषक चेतासंधीच्या फटीत जेमतेम एक मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग, दाटून येतो आणि लगेच शोषला जातो; डोपामिन, सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन ही मंडळी फटीबाहेरही पसरतात, आसपासच्या अनेक पेशींना एकाच वेळी भिजवतात, आणि सेकंदाच्या काही भागापासून कित्येक मिनिटांपर्यंत आपला प्रभाव टिकवतात.

अशा रसायनाचा अंदाज रक्ताच्या तपासणीतून का घेता येत नाही, हा प्रश्न सामान्य वाचकाच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की रक्तवाहिन्या आणि मेंदू यांच्यामध्ये पेशींचा जो घट्ट विणलेला अडसर असतो, तो डोपामिनला किंवा सेरोटोनिनला आरपार जाऊ देत नाही, आणि शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन तर आतड्यांत असते. त्यामुळे रक्तातील आकडा मेंदूतील घडामोडींविषयी फारसे काही सांगत नाही. कंपवाताच्या रुग्णाला डोपामिन न देता लेव्होडोपा हे त्याचे पूर्वरूप द्यावे लागते याचेही कारण हाच अडसर आहे, कारण लेव्होडोपाला तेथून वाट मिळते. (कोकणात अंगाला लागली की जीव नकोसा करणाऱ्या खाजकुहिलीच्या बियांत हेच लेव्होडोपा निसर्गतः असते.)

डोपामिनच्या इतिहासात मुंबईचाही एक धागा आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या वनस्पतीचा उच्च रक्तदाबावरील उपयोग दाखवणारा निबंध १९४९ मध्ये ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या मुळीकडे वेधले गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या संशोधकांनी तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले. रेसर्पिनने रक्तदाब उतरतो, परंतु माणूस मंद आणि खिन्नही होतो, असे दिसू लागल्यावर ते मेंदूत नेमके काय करते याचा शोध सुरू झाला. स्वीडनचे आर्व्हिड कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रेसर्पिन दिले तेव्हा ते जागच्या जागी निश्चल झाले, आणि नंतर लेव्होडोपा टोचल्यावर तेच ससे पुन्हा हालचाल करू लागले. रेसर्पिनने मेंदूतील कोणते तरी रसायन रिते केले होते आणि लेव्होडोपाने ते पुन्हा भरले होते. ते रसायन डोपामिन असावे हा तर्क पक्का करण्यासाठी मेंदूच्या अर्कातील डोपामिन मोजण्याची पद्धत हवी होती, आणि ती प्रकाशाने पुरवली.

काही पदार्थांवर एका रंगाचा प्रकाश पाडला की ते तो शोषून घेतात आणि क्षणार्धात दुसऱ्या, अधिक लांब तरंगलांबीच्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकतात. या गुणधर्माला प्रतिदीप्ती म्हणतात. बँकेतील रोखपाल जांभळ्या दिव्याखाली नोट धरतो तेव्हा तिच्यावरील क्रमांक आणि कागदातील बारीक तंतू चमकून उठतात, ती प्रतिदीप्तीच होय. काजव्याचा प्रकाश मात्र रासायनिक क्रियेतून येतो, त्याला बाहेरचा दिवा लागत नाही, म्हणून तो या वर्गात बसत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांमध्ये रॉबर्ट बोमन यांनी तयार केलेले प्रतिदीप्ती मोजणारे यंत्र १९५५ च्या सुमारास प्रयोगशाळांत येऊ लागले होते. कार्लसन त्याच सुमारास तेथे बर्नार्ड ब्रोडी यांच्याकडे काम करून परतले होते, आणि लुंड विद्यापीठातील त्यांच्या गटाने डोपामिनचे प्रतिदीप्त संयुगात रूपांतर करून ते मोजण्याची रीत बसवली. मेंदूत डोपामिन आहे, रेसर्पिनने ते नाहीसे होते आणि लेव्होडोपाने परत येते, हे १९५८ मध्ये अशा रीतीने सिद्ध झाले. या कामासाठी कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे मेंदूतील डोपामिनची विज्ञानाशी खरी ओळख प्रकाशानेच करून दिली, फक्त तो प्रकाश काचेच्या नळीतील मेंदूच्या रसावर पडत होता.

दुसरे पाऊल लुंडमध्येच पडले. बेंग्ट फाल्क आणि निल्स-ऑके हिलार्प यांनी १९६२ मध्ये असे दाखवले की गोठवून सुकवलेल्या ऊतीवर फॉर्मॅल्डिहाइडची वाफ सोडली असता डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन हिरवे आणि सेरोटोनिन पिवळे चमकते. या चमकेच्या आधाराने अनिका डाल्स्ट्रम आणि शेल फुक्से यांनी १९६४ मध्ये उंदराच्या मेंदूतील या रसायनांच्या पेशी कोठे आहेत आणि त्यांचे तंतू कोठवर जातात याचा नकाशा काढला, आणि त्या पेशीसमूहांना त्यांनी दिलेली अक्षरांकांची नावे आजही पाठ्यपुस्तकांत वापरली जातात. पातळीला आता स्थान मिळाले. काळ मात्र अद्याप मिळाला नव्हता, कारण मेंदू मेलेला होता.

जिवंत मेंदूत काळाचा माग घेण्याचे काम पुढची चार दशके प्रकाशाऐवजी नळी आणि वीज यांनी केले. सूक्ष्म-अपोहन या पद्धतीत बारीक छिद्रांची पटलनळी मेंदूत ठेवून तिच्यातून क्षारद्रव फिरवतात, आजूबाजूचे रेणू त्यात झिरपतात, आणि जमा झालेल्या थेंबांचे बाहेर पृथक्करण केले जाते. कोणते रसायन किती हे यात चांगले कळते, परंतु एक नमुना जमायला कित्येक मिनिटे लागत असल्याने उंदराने कळ दाबली त्या क्षणी काय घडले हे त्या सरासरीत बुडून जाते. विद्युत पद्धतीत सुमारे सात मायक्रोमीटर जाडीचा कार्बनचा तंतू मेंदूत घालून त्यावरील विद्युतदाब झपाट्याने वरखाली करतात. डोपामिनचे ऑक्सिडीकरण होताना येणारा क्षीण विद्युतप्रवाह मोजला की सेकंदात दहा वेळा नोंद घेता येते. अमेरिकेतील राल्फ अ‍ॅडम्स यांनी १९७३ मध्ये उंदराच्या मेंदूत विद्युत मापनाचा प्रयोग केला आणि मार्क वाइटमन यांच्यासारख्यांनी ही पद्धत धारदार केली. तिची अडचण वेगळी होती. डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन ही सख्खी भावंडे असल्याने त्यांची विद्युत खूण जवळजवळ सारखीच दिसते, आणि ग्लुटामेट किंवा अ‍ॅसिटिलकोलिन तर अशा तंतूला सहजासहजी दादच देत नाहीत.

येथे जैवसंवेदक या कल्पनेकडे वळावे लागते. कोणत्याही जैवसंवेदकाची दोन अंगे असतात. पहिले अंग ओळखण्याचे, म्हणजे हजारो रेणूंच्या गर्दीतून नेमका एक रेणू धरणारे विकर, प्रतिपिंड किंवा ग्राही यांसारखे जैविक द्रव्य; आणि दुसरे अंग ती ओळख मोजता येईल अशा संकेतात बदलण्याचे. मधुमेही माणसाच्या घरातील रक्तशर्करा मोजणारे यंत्र हे याचे सर्वांना परिचित उदाहरण आहे; पट्टीवरचे विकर ग्लुकोज ओळखते आणि त्याच्या क्रियेतून निघणारी वीज यंत्र मोजते, आणि या कल्पनेचा उगम लेलँड क्लार्क यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या विकरयुक्त विद्युतअग्रात आहे. हाच संकेत विजेऐवजी प्रकाशाचा असेल तर संवेदक प्रकाशीय ठरतो. मेंदूच्या बाबतीत अडचण अशी होती की ओळखणारे द्रव्य आणि चमकणारे द्रव्य ही दोन्ही बाहेरून आत सोडावी लागली असती. ती मेंदूतील पेशींनी स्वतःच घडवावीत, ही युक्ती सुचायला एका जेलीफिशची मदत लागली.

ओसामु शिमोमुरा हे जपानी रसायनशास्त्रज्ञ अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील फ्रायडे हार्बर येथे हजारो जेलीफिश पकडून त्यांच्या प्रकाशाचे रहस्य शोधत होते, आणि १९६२ मध्ये त्यांना त्या प्राण्यात हिरवी प्रतिदीप्ती दाखवणारे एक प्रथिन सापडले. डग्लस प्रॅशर यांनी १९९२ मध्ये या प्रथिनाचे जनुक वेगळे करून ते मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सिएन या दोघांना पाठवले; २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना मिळाले आणि नियमाप्रमाणे तिघांपलीकडे जागा नसल्याने प्रॅशर बाहेर राहिले, ही गोष्ट या क्षेत्रात अजूनही हळहळीने बोलली जाते. चाल्फी यांनी १९९४ मध्ये हे जनुक जीवाणूत आणि सूक्ष्म कृमीत घालून दाखवले की दुसऱ्या कोणत्याही साहाय्याशिवाय तेथेही तीच हिरवी चमक दिसते. जनुक द्यावे आणि दिवा मिळावा, असा हा व्यवहार होता.

या प्रथिनाची रचना कंदिलासारखी आहे असे म्हटले तर ती चटकन कळेल. २३८ अमिनो आम्लांची साखळी अकरा पट्ट्यांचे एक नळकांडे बनवते, आणि त्याच्या मधोमध तीन अमिनो आम्लांपासून तयार झालेला चमकणारा गाभा असतो. नळकांडे त्या गाभ्याला भोवतालच्या पाण्यापासून वाचवते, जशी कंदिलाची काच ज्योतीला वाऱ्यापासून वाचवते. त्सिएन यांच्या प्रयोगशाळेने १९९९ मध्ये दाखवून दिले की या साखळीची मूळ टोके एकमेकांना जोडून तिला भलत्याच जागी नवी टोके पाडली तरी प्रथिन चमकत राहते. ही नवी टोके गाभ्याच्या अगदी जवळ, नळकांड्याच्या भिंतीत असतात, म्हणजे काचेला मुद्दाम एक चीर ठेवल्यासारखे होते. आता या चिरेच्या दोन्ही कडा आकार बदलणाऱ्या एखाद्या दुसऱ्या प्रथिनाला बांधल्या, तर ते प्रथिन हलले की चीर मिटते किंवा उघडते आणि ज्योत मोठी किंवा लहान होते. जपानमधील जुनिची नाकाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये या युक्तीने कॅल्शियम ओळखणारा संवेदक केला, आणि चेतापेशी उद्दीपित झाली की तिच्यात कॅल्शियम शिरत असल्याने तो पेशींची सक्रियता पाहण्याचे जगभरचे साधन बनला. त्यावरून पेशी बोलली एवढे कळत होते. ती कोणत्या रसायनाच्या भाषेत बोलली हे अजून कळत नव्हते.

ते कळण्यासाठी आकार बदलणारे प्रथिन म्हणून चेतापारेषक ओळखणारेच काही निवडायला हवे होते. अमेरिकेतील जनेलिया संशोधन केंद्रात जोनाथन मार्विन आणि लॉरेन लूगर यांनी २०१३ मध्ये ग्लुटामेटचा संवेदक तयार केला तेव्हा त्यांनी मदत घेतली ती आतड्यातील जीवाणूची. हा जीवाणू अन्न म्हणून ग्लुटामेट पकडण्यासाठी जे प्रथिन वापरतो ते शिंपल्यासारखे मिटते, आणि त्या मिटण्यालाच कंदिलाची चीर बांधण्यात आली. डोपामिनसाठी असे सोयीचे जीवाणू-प्रथिन हाताशी नव्हते, म्हणून मेंदूचाच ग्राही उसना घेण्यात आला. २०१८ मध्ये काही आठवड्यांच्या आत दोन संवेदक जाहीर झाले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत लिन त्यान आणि टॉमासो पात्रिआर्की यांनी डोपामिनच्या डी-१ ग्राहीत, पेशीच्या आतल्या बाजूस असलेल्या तिसऱ्या वळशाच्या जागी हिरवे प्रथिन बसवून ‘डीलाइट’ केला, आणि बीजिंगच्या पेकिंग विद्यापीठात युलाँग ली यांच्या गटाने डी-२ ग्राहीत तसेच करून ‘ग्रॅब’ या नावाच्या मालिकेतील डोपामिन संवेदक केला; अ‍ॅसिटिलकोलिन, नॉरअ‍ॅड्रिनलिन, सेरोटोनिन यांचे संवेदकही याच मालिकेतले. ग्राही डोपामिनला धरतो, त्याचा आकार वळतो, चीर मिटते आणि हिरवा प्रकाश वाढतो. डोपामिन सुटले की सगळे पूर्ववत होते. हे सर्व सेकंदाच्या लहानशा भागात घडते, आणि निसर्गाने कोट्यवधी वर्षांत घडवलेली ग्राहीची ओळख फुकट मिळत असल्याने डोपामिन आणि त्याचे भावंड यांतील फरकही बऱ्याच अंशी राखला जातो.

प्रत्यक्ष प्रयोगात संवेदकाचे जनुक एका निरुपद्रवी विषाणूत घालून तो विषाणू उंदराच्या मेंदूच्या ठरावीक भागात टोचतात, आणि दोन-तीन आठवड्यांत तेथील पेशी आपल्या पृष्ठभागावर संवेदक मांडू लागतात. मग एक मिलिमीटरच्या निम्म्याहून कमी जाडीचा प्रकाशतंतू तेथवर उतरवला जातो. त्याच तंतूतून निळा प्रकाश आत जातो आणि हिरवा प्रकाश बाहेर येतो. तंतू लवचीक असल्याने उंदीर मोकळा फिरू शकतो, खाऊ शकतो, झोपू शकतो. निळ्यासोबत जांभळा प्रकाशही आलटून पालटून सोडतात, कारण जांभळ्याला मिळणारे उत्तर डोपामिनवर फारसे अवलंबून नसते, आणि उंदराने मान हलवल्यामुळे किंवा रक्तप्रवाह बदलल्यामुळे आलेला खोटा चढउतार त्यावरून वजा करता येतो. ही वजाबाकी न करता काढलेले निष्कर्ष पाहिले की या क्षेत्रातील जाणकार कपाळाला आठ्या घालतात, आणि त्या योग्यच असतात. तंतूतून चित्र मिळत नाही, फक्त एकूण उजेड मिळतो. चित्र हवे असल्यास विनफ्रीड डेंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये शोधलेला द्वि-फोटॉन सूक्ष्मदर्शक वापरतात, ज्यात अवरक्त प्रकाशाचे दोन कण एकाच वेळी येऊन धडकतील तेवढाच बिंदू चमकतो, आणि मेंदूच्या वरच्या थरातील एकेक चेतासंधी वेगळी पाहता येते.

या उजेडात जे दिसले त्यातील काही गोष्टी जुन्या समजुतींना पूरक आहेत आणि काही त्यांना धक्का देणाऱ्या आहेत. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या डोपामिन पेशींची विद्युत स्पंदने नोंदवून असे दाखवले होते की या पेशी बक्षिसाला नव्हे, तर अपेक्षेहून अधिक मिळालेल्या बक्षिसाला प्रतिसाद देतात, आणि १९९७ पासून हा सिद्धान्त प्रमाण मानला गेला. पेशी स्पंदली म्हणजे तंतूच्या टोकाशी डोपामिन त्याच मापाने स्रवले, हे त्यात गृहीत होते. सॅन फ्रान्सिस्कोतील जोशुआ बर्क यांच्या प्रयोगशाळेने २०१९ मध्ये मोठ्या उंदरांत पेशींची स्पंदने आणि दूरच्या टोकाशी होणारा स्राव ही दोन्ही पाहिली, तेव्हा बक्षिसाची आशा वाढेल तसा टोकाशी स्राव वाढत असल्याचे दिसले, परंतु मूळ पेशींच्या स्पंदनांत तशी वाढ नव्हती. म्हणजे पाणी किती सोडायचे हे केवळ धरणावर ठरत नव्हते, पाटाच्या शेवटी बसलेला कोणी तरी फळी वरखाली करत होता. झोपेच्या बाबतीतही असेच झाले. गाढ झोपेत नॉरअ‍ॅड्रिनलिन कमी असते असे सरसकट मानले जाई, पण संवेदकांनी दाखवले की उंदराच्या त्या झोपेत ते साधारण अर्ध्या ते पाऊण मिनिटाच्या आवर्तनाने लाटेसारखे चढते आणि उतरते, आणि त्या लाटेच्या चढावर झोप अधिक सावध असते. जपानच्या त्सुकुबा विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ मध्ये भावनांशी निगडित अशा बदामाकृती भागात डोपामिनची एक उसळी पाहिली, जी स्वप्नावस्थेच्या झोपेच्या आधी येते आणि ती कृत्रिमरीत्या उत्पन्न केली तर ती झोप सुरू होते. जागेपणाचे आणि उत्साहाचे रसायन म्हणून ओळखले जाणारे डोपामिन झोपेचा एक टप्पा उघडण्याचेही काम करते, हे पातळीच्या भाषेत कसे सांगावे?

संवेदकाचा उपयोग औषधाची पारख करण्यासाठीही होतो. भ्रम निर्माण करणारी द्रव्ये सेरोटोनिनच्या एका विशिष्ट ग्राहीला एका विशिष्ट रीतीने वळवतात, म्हणून २०२१ मध्ये डेव्हिस येथेच त्या ग्राहीपासून संवेदक तयार करण्यात आला आणि एखादा नवा रेणू भ्रम उत्पन्न करील की नाही, याचा अंदाज प्राण्याला तो देण्यापूर्वीच घेण्यासाठी तो वापरण्यात आला.

इतके सांगितल्यावर या साधनांच्या मर्यादाही तितक्याच मोकळेपणाने मांडणे भाग आहे. संवेदक रसायनाला धरल्याशिवाय ते पाहू शकत नाही, आणि जितका घट्ट धरतो तितका उशिरा सोडतो. पेकिंगच्या पहिल्या दोन डोपामिन संवेदकांपैकी एक सुमारे १३० नॅनोमोलर संहतीला निम्मा प्रतिसाद देत असे आणि दुसरा सुमारे १० नॅनोमोलरला. दुसरा सोनाराच्या काट्यासारखा नाजूक असला तरी धान्याचे पोते ठेवले की तो टोकाला जाऊन अडकतो. शिवाय पेशीवर ग्राहीसारखी हजारो प्रथिने मांडल्यावर ती थोडेफार डोपामिन स्वतःच अडवून ठेवतात, आणि जे पाहायचे त्याचेच वर्तन पाहण्याने बदलते. ग्राहीवर काम करणारे औषध तपासताना तर फसगत ठरलेली असते, कारण मनोविकारांवरील अनेक औषधे डी-२ ग्राही बंद करतात आणि त्याच ग्राहीपासून केलेला संवेदकही त्यांच्या योगाने आंधळा होतो. सर्वांत चिवट अडचण प्रकाशाची आहे. अंधारात बॅटरीवर तळहात ठेवला तर पलीकडे फक्त लाल उजेड पोहोचतो, कारण निळा आणि हिरवा प्रकाश रक्त शोषून घेते आणि मांस विखुरते. संवेदक नेमके याच रंगांत काम करतात. म्हणून लाल प्रतिदीप्त प्रथिनांचे संवेदक २०२० पासून येऊ लागले आहेत. प्रथिनांची वाट सोडून कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांवर डीएनएचे धागे गुंडाळण्याचा मार्गही बर्कलीच्या मार्किटा लँड्री आणि जर्मनीतील सेबास्टियन क्रुस यांच्यासारख्यांनी चोखाळला आहे. डोपामिन जवळ आले की या नळ्या अवरक्त प्रकाशात अधिक चमकतात, आणि जनुक न घालताही मेंदूच्या कापात स्राव पाहता येतो.

प्रकाशीय संवेदकांची आणखी एक शाखा मेंदूच्या बाहेर, रक्त, मूत्र किंवा पाठीच्या कण्यातील द्रव यांच्या थेंबावर काम करते. सोन्याचे सूक्ष्म कण विखुरलेले असताना लाल आणि एकत्र गोळा झाल्यावर निळे दिसतात, त्यामुळे डोपामिनने ते गोळा व्हावेत अशी योजना केली की डोळ्यांनाही फरक कळतो. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये शोधलेले प्रकाशाचे विकिरण रेणूचा जणू अंगठ्याचा ठसा देते, आणि खडबडीत चांदीच्या पृष्ठावर हा ठसा लाखो पटींनी ठळक होतो हे १९७० च्या दशकात कळल्यापासून या मार्गाने चेतापारेषक ओळखण्याचे प्रयोग सुरू आहेत. अधिवृक्क ग्रंथीच्या काही गाठींत ही रसायने मूत्रात खरोखरच वाढतात, आणि तेथे अशा स्वस्त चाचणीला अर्थ आहे. मूत्रातील डोपामिनवरून मनःस्थिती सांगण्याचा जो सूर या विषयावरील उत्साही लेखांत कधी कधी लागतो, त्याला मात्र वर सांगितलेल्या अडसरामुळे आधार नाही.

माणसाच्या मेंदूत जनुक टोचून संवेदक बसवणे आजच्या घडीला आवाक्याबाहेरचे आहे. कंपवाताच्या रुग्णांवर मेंदूत विद्युतअग्र बसवण्याची शस्त्रक्रिया चालू असताना, त्यांच्या संमतीने, केनेथ किशिदा आणि रीड माँटॅग्यू यांच्या गटाने कार्बनचा तंतू घालून जुगारासारखा खेळ खेळताना होणारे डोपामिनचे क्षणोक्षणीचे चढउतार मोजले आणि ते २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. ही नोंद विजेची होती, प्रकाशाची नव्हे. प्रकाशाकडे अजून एक हिशेब बाकी आहे. हिरवा उजेड दुप्पट झाला असे संवेदक सांगतो, पण कशाच्या दुप्पट हे सांगत नाही, कारण चमक ही रसायनाइतकीच त्या जागी किती संवेदक तयार झाले आणि तंतू कसा बसला यावरही अवलंबून असते. परिणामी आजच्या उंदराची कालच्या उंदराशी, किंवा आजाऱ्याची निरोग्याशी, सरळ तुलना करता येत नाही. त्यावर उपाय म्हणून काही प्रयोगशाळा आता चमकेची तीव्रता न मोजता तिचा कालावधी मोजतात. प्रकाश शोषल्यापासून तो बाहेर टाकेपर्यंत प्रथिनाचा गाभा जे दोन-तीन नॅनोसेकंद घेतो, ते रसायन धरलेले असताना आणि नसताना वेगवेगळे असतात, मग संवेदक थोडे असोत वा पुष्कळ. हे गणित बसले, तर कार्लसन यांना ज्या पातळीसाठी सशाचा मेंदू वाटावा लागला होता, ती पातळी जागच्या जागी, जिवंत आणि झोपलेल्या उंदराच्या मेंदूत, तासन्‌तास वाचता येईल.